पन्नास नंबरचं तेल

कोळवणची ती पौषातली सकाळ मी साठेक वर्षं कुणाला धड सांगितलेली नाही. आज लिहून टाकतो.

तेव्हा मी विशीतला, लिलावातली जुनी जीप घेऊन कोळवण-पौड सीटा मारायचो. माझी मोठी बहीण अक्का कोळवणलाच दिलेली, म्हणून मुक्काम तिच्याकडे. जीप धूर फार सोडायची, सीटा नाक दाबून बसायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं... म्हणून उन्हाळ्यात इंजिनात पन्नास नंबरचं जाड तेल भरलं. धूर गेला आणि मी मिशीला पीळ द्यायला लागलो.

पौडचे मिस्त्री दिवाळीतच म्हणाले होते की, थंडी सुरू झाली, हे काढून तीस नंबरचं पातळ भर, नाहीतर एखाद्या सकाळी इंजिन हलायचं नाही. मी हो हो म्हणालो. पुन्हा धूर कोण खाणार! शहाणपणा नडतो तो असा.

त्या सकाळी अक्कानं मला हलवून उठवलं. तिची पाच वर्षांची कमळ दोन दिवस तापानं फणफणलेली होती, आता तिचा गळा सुजला होता आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता... घटसर्प. वर्षापूर्वी शेजारचं एक पोर असंच गेलेलं, त्यामुळं कुणी सांगायची गरज नव्हती. पुण्याचं इस्पितळ पंचवीस मैल, दाजी परगावी, आणि गावात गाडी एकच. माझी.

बाहेर दहिवर पडलेलं. बॅटरीनं दोन आचके दिले आणि राम म्हटला. इंजिन हातानं फिरवायचं हँडल पुढून घातलं तर ते फिरेना, दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी अर्ध्यात अडकायचं. तेल आत गोठून बसलं होतं, आणि का बसलं ते फक्त मला ठाऊक होतं.

आतून ती शिट्टी ऐकू येत होती. मध्येच थांबली की मीही थांबायचो... पुन्हा सुरू झाली की मी पुन्हा हँडलला भिडायचो. तळहात सोलले. शेवटी मी मडगार्डला टेकून चक्क रडायला लागलो.

अक्का कमळला कडेवर घेऊन बाहेर आली. काय झालं विचारलं. थंडीनं तेल गोठलं, एवढंच मी सांगितलं.

ती म्हणाली, "खोबरेल गोठल्यावर काय करतो आपण? काढ ते त्याल भाईर. चूल पेटलेलीच हाय."

भाताचं भगुलं तिनंच आणून दिलं. मी जीपखाली शिरून बोल्ट सोडला. तेल काकवीसारखं लोंबत येत होतं, आणि मी खाली पडून देवाला शिव्या देत होतो, विनवण्याही करत होतो.

चुलीवर ते काळं तेल पातळ झालं. घरभर उग्र वास सुटला... फडक्यानं भगुलं धरून नरसाळ्यातून परत ओतलं आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं!

इस्पितळात कमळला लगेच आत घेतलं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

पुढं दर भाऊबीजेला अक्का ओवाळताना सगळ्यांना सांगायची, माझ्या भावानं माझी पोर वाचवली. मी मान खाली घालून ओवाळून घ्यायचो. लोकांना वाटायचं, लाजतोय. गेल्या साली अक्का गेली... तिला सांगायचं राहिलंच.

कमळ, तू माझ्या पोस्ट वाचतेस, हीसुद्धा वाचशील. गाडी थंडीनं अडली नव्हती बाळा, माझ्यामुळं अडली होती. तुला वाचवलं ते तुझ्या आईनं.