एका घरात एकच कुत्रा

हिंडलग्याचं घर सोडून आम्ही बेळगावात फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, एकच अट घातली होती: दोन्ही कुत्री बरोबर येणार. ती सख्खी भावंडं. घरात आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो.

थोरला शांत होता. धाकटा मात्र लिफ्ट वाजली तरी भुंकायचा. वर्षभरात तक्रारी वाढल्या आणि अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये नियम झाला, एका घरात एकच कुत्रा. सगळ्यात आधी हात वर केला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या आक्कांनी. या निपाणीकडच्या जैन, मुलं परदेशी, घरात एकट्या. कुत्रं दिसलं की त्या पदर आवरून भिंतीला चिकटायच्या.

शेवटी धाकट्याला काकतीला माझ्या नणंदेकडं सोडायचं ठरलं. रविवारी सकाळी आम्ही त्याला घेऊन जिना उतरत होतो. त्याची गोधडीही आप्पांच्या काखेत होती. आक्का दारात उभ्या.

"कुठं चाललाय ह्यो?"

"काकतीला," आप्पा म्हणाले. "तुमचाच नियम न्हवं?"

"कायमचा?"

"व्हय."

आक्कांनी धाकट्याकडं बघून पदर आवरला, पण भिंतीला चिकटल्या नाहीत. तोही, कधी नव्हे तो, भुंकला नाही.

"नियम एका घरात एक असा हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कुठं एक हाय?"

आप्पांनी गोधडी तशीच आक्कांच्या हातात दिली. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

पहिले आठ दिवस आक्का त्याच्याशी खुर्चीवर पाय वर घेऊन बोलायच्या, तेही कन्नडमध्ये. बेट्याला आमची मराठीही धड ऐकायची सवय नव्हती, पण "बा इल्ली", म्हणजे इकडं ये, म्हटलं की तो आता शेपूट हलवत त्यांच्याकडं धावतो. भुंकणंही कमी झालं. दिवसभर कुणीतरी बोलायला असल्यावर लिफ्टकडं कोण लक्ष देतं?

आक्का त्याला दिवस मावळायच्या आत दूध-भाकरी घालतात. ते संपवून तो वर येतो आणि भावाच्या ताटलीत आप्पांनी ठेवलेलं अंडं खातो. सेक्रेटरींनी एकदा दोघांना आमच्या हॉलमध्ये पाहिलं. "हे दोन कसे?" आप्पा म्हणाले, "एक पाव्हणा आलाय, खालनं."

परवा धाकट्याला डॉक्टरांकडं नेलं. आक्का आणि आप्पा दोघंही बरोबर. वजन बघून डॉक्टर म्हणाले, "ह्याला खायला काय देता हो?"

"दूध-भाकरी," आक्का ठामपणे म्हणाल्या. "एकदाच."

आप्पा खिडकीबाहेरची रहदारी मन लावून बघू लागले.