सिस्टरांच्या भावाची फुलदाणी

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. आलापल्लीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात ती आया होती. तिथल्या इटलीच्या सिस्टर म्हातारपणी मायदेशी परतल्या, तेव्हा तिला एक काचेची फुलदाणी देऊन गेल्या. "ही माझ्या भावाच्या हातची आहे, तो व्हेनिसजवळ काचेच्या भट्टीवर काम करायचा," एवढंच त्या बोलल्या. पुढे त्या वारल्याचं कळलं. बाईनं लग्न केलं नाही. फुलदाणी मात्र जिवापाड जपली.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले आणि मी तिला चंद्रपूरला माझ्या घरी आणलं. लुगड्यात गुंडाळलेली फुलदाणी सोबत होतीच. एका सकाळी तिनं मला जवळ बसवलं.

"सिस्टरच्या त्या भावाचं नाव शोधून काढ," ती म्हणाली. "त्याच्या घरचं कोणी असन तं हे त्याह्यले देऊन टाक. मी गेल्यावर इथी कोणाले याची कदर?"

सिस्टरांचं आडनाव तिला ठाऊक नव्हतं आणि दवाखाना कधीच बंद पडला होता. म्हणून मी मुंबईतल्या, जुन्या काचेचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांना फोटो पाठवले. ते बारीकसारीक विचारत राहिले. बुडावर सही कोरलेली आहे का, काचेतले पांढरे धागे कुठल्या बाजूला पिळलेत. त्यांच्या सांगण्यावरून मी ती एका दुकानात नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखालीही धरली. बूड हिरवट चमकलं; जुनी काच तशी चमकते म्हणे.

वस्तू व्हेनिसच्या मुरानो बेटावरची आणि चांगली जुनी आहे, असं त्यांनी कळवलं. पण असे धागे तिथल्या बऱ्याच भट्ट्यांवर ओढत. सही नाही, म्हणजे बुडाला भट्टीच्या नावाची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असणार. ती असती तर भट्टी कळली असती, मग कदाचित कारागीरही.

मी हे बाईला सांगितलं.

"होता कागद," ती म्हणाली. "सोनेरी. मळला म्हून म्याच राखेनं घासून काढला."

चिठ्ठीवर माणसाचं नाव थोडंच असतं, अशी मी तिची समजूत घातली. तिला ते पटलं नाही. फुलदाणी तिनं समोरून हलवायला लावली.

त्या गृहस्थांनी नाद सोडला नव्हता. रंग आणि घडण ताडून ते दोन भट्ट्यांवर येऊन थांबले. दोन्ही केव्हाच विझलेल्या. मी बाईच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "नाव?"

नाव नाही, म्हणालो.

"राहू दे मंग. तुले लय तरास देल्ला."

पोळ्याच्या आधी ती गेली.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. इटलीतल्या एका जाणकाराला फोटो पाठवू का, असं विचारत होते. मी हो म्हणालो. फोन ठेवला. उद्या नाव कळलंच, तर ते सांगायला जायचं कुणाकडे, ते मला सुचेना.