तिसऱ्या डब्यातला लाडू

आमच्या घरून कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या आमच्या गल्लीत कुणी सांबारासारखी हुळी दिली, कुणी चिंचेच्या भाताचं पुळियोगरे दिलं, तर त्यांचं भांडं धुऊन पुसून, त्यात काहीतरी घालूनच द्यायचं. काहीच नसलं तर चमचाभर साखर. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. हात आपोआप डब्याकडे जातो.

आमचे पूर्वज कापड रंगवायचे, आजोबा त्यावर ठसे मारायचे, बाबा शहराबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात आहेत. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. पहिली दोन वर्षं मी वर्गात फारशी बोलले नाही. सरांनी प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण वाक्य मनात नीट जुळवेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं.

तिसऱ्या वर्षी आमच्या निसर्ग मंडळाची सहल मंगळूरच्या पुढे, खाडीकाठच्या खारफुटीच्या राखीव जंगलात गेली. तिथे आम्हाला एक खेळ खेळायचा होता. फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात, त्या खुणेवर चालत जायचं आणि लपवलेला डबा शोधायचा. डब्यात एक छोटी वही असते, तिच्यात नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. सहा डबे, दोघादोघांच्या सात जोड्या. सहाव्या डब्याच्या वहीत जी जोडी आधी सही करेल, तिला जानेवारीत म्हैसूरच्या तळ्याकाठी शाळेतल्या मुलांसाठी असाच खेळ मांडायला मिळणार होता.

ते काम मला हवं होतं. इतकं उघडपणे मला आधी कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. ते तळं मी लहानपणापासून पाहतेय. कुठल्या झाडाच्या ढोलीत डबा बसेल हे मी सहलीला निघायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

माझी जोडीदार म्हणजे माझी वर्गातली मैत्रीण, हुणसूरची, हॉस्टेलवर राहणारी. ती भरभर चालते आणि त्याहून भरभर बोलते. आमचं बोलणं कन्नडमधून. तिलाही ते काम हवं होतं.

पहिले दोन डबे सहज सापडले. खारफुटीत फोनची खूण दहा-पंधरा पावलं इकडेतिकडे सरकते, हे माझ्या लवकर लक्षात आलं. म्हणून मी खुणेपाशी पोचल्यावर फोन खिशात घालायची आणि लपवणाऱ्यासारखा विचार करायची. लाकडी पायवाटेवरून हात कुठवर पोचेल? भरतीचं पाणी कुठे चढणार नाही? तिसरा डबा मला तसाच मिळाला, एका वाकड्या बुंध्याच्या बेचक्यात.

उघडला तर आत फक्त वही. आमच्या आधीच्या कुणीतरी सगळ्या वस्तू नेल्या होत्या. मैत्रिणीने सही केली आणि ती पुढे निघाली. माझ्या हातात तो रिकामा डबा राहिला. आईने वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू दिले होते. एक कागदात गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि तिच्या मागे पळाले. त्यात काही विशेष केलं असं वाटलंसुद्धा नाही.

पाचवा डबा आम्ही सगळ्यांच्या आधी गाठला. मागे बराच वेळ कुणाचा आवाज नव्हता. मी झाकण उघडलं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद वाचला. कन्नडमध्ये लिहिलं होतं: खाण्याचं काही ठेवू नका. वासाने प्राणी डबा फोडतात, प्लास्टिक खाडीत जातं. तिसऱ्या डब्याच्या झाकणावर नुसता डिंकाचा पिवळा चौकोन होता. तो मला आता आठवला. बाकीच्या डब्यांत सही करायच्या घाईत मी झाकणाकडे पाहिलंच नव्हतं.

मैत्रीण सही करत होती. तिने काही पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. सहावा डबा जेमतेम पाच मिनिटांवर होता. मी वाक्य जुळवत उभी राहिले, नेहमीसारखी. मग न जुळवताच बोलले.

"तिसऱ्या डब्यात मी लाडू ठेवलाय."

"कसला लाडू?"

"शेंगदाण्याचा. डबा रिकामा होता म्हणून."

तिने पेन बंद केलं. "अय्यो मारायती, कमाल आहे बाई तुझी. तो काय तुझ्या शेजारणीचा डबा आहे?"

"मला परत जायला पाहिजे."

"आधी सही करून येऊ, मग जाऊ. पाच मिनिटं."

तेवढ्यात पायवाटेवर फिरणारे वनरक्षक आले. पन्नाशीचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी त्यांना विचारलं, "अण्णा, तिसऱ्या डब्याकडे नंतर जाता येईल?"

"नंतर कसं? भरती लागली. अर्ध्या तासात खालची वाट पाण्यात. जायचं तर आत्ता, आणि माझ्याबरोबर." मग मी कारण सांगितल्यावर म्हणाले, "माकडं बघितलीस ना वाटेत? गेल्या महिन्यात एका डब्याचे तुकडे वेचलेत मी चिखलातून."

मैत्रिणीने सहाव्या डब्याच्या दिशेने एकदा पाहिलं. शेवटच्या वहीत जोडीतल्या दोघींच्याही सह्या लागणार होत्या, त्यामुळे तिला एकटीला जाऊन उपयोग नव्हता.

"चल," ती म्हणाली. "पण हरलो तर म्हैसूरला पोचेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही."

परत जाताना वाटेत दोन जोड्या समोरून आल्या. "चुकलात काय गं?" एकीने विचारलं. "हो," मी म्हणाले. पाणी खरंच चढत होतं. मघाशी चिखलातून वर आलेली मुळं आता टोकापुरतीच दिसत होती. फोनची खूण भलतीकडे दाखवत होती, पण मला तो वाकडा बुंधा पक्का आठवत होता. मी पुढे, मागे अण्णा, आणि त्यांच्या मागे ती, बडबडत.

डबा शाबूत होता. बुंध्यावरून मुंग्यांची रांग थेट झाकणापर्यंत आली होती. मी लाडू बाहेर काढला, मुंग्या झटकल्या, डबा आतून रुमालाने पुसला आणि झाकण दाबून लावलं. आत वहीबरोबर माझी केसांची क्लिप ठेवली. ती पितळी होती, गंजणार नव्हती.

"आता हा लाडू कुणाचा?" मैत्रिणीने विचारलं.

"मुंग्यांचा उष्टा आहे."

"आण इकडे." तिने अर्धा मोडून अण्णांना दिला. अण्णा खात म्हणाले, "डब्यात कशाला ठेवलास, मलाच द्यायचास." तिथेच ती हसली. ती म्हैसूरपर्यंत गप्प राहणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

सहाव्या डब्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा वहीत आमच्या आधी चार जोड्यांची नावं होती. सरांनी पाचव्या क्रमांकाचं कारण विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं. थोडं हसणं झालं. सर "बरं" म्हणाले आणि पहिल्या जोडीचं अभिनंदन केलं. ते योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये घाट चढून झाल्यावर मी उठून सरांच्या सीटपाशी गेले.

"सर, डबे ते जिंकलेले दोघं मांडू देत. पण मुलांना नियम सांगायला मला घ्या."

"तुलाच का?"

"रिकामा डबा दिसला की काहीतरी खायचं घालायचं, हे माझ्यासारख्या पुष्कळ घरांतल्या मुलांना वाटणार. झाकणावरचा कागद निघून जातो, सर. आधी तोंडाने सांगायला हवं, आणि का ते सांगायला हवं. मला ते येतं."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "चाळीस मुलं असतील. मोठ्याने बोलावं लागेल."

"बोलेन."

"कन्नडमध्ये लिहून आण. सोमवारी."

सीटवर परत आले तर मैत्रीण डोळे मिटून होती. "पाठीमागे उभं राहून मुलं मोजायला कुणीतरी लागेल," ती डोळे न उघडता म्हणाली. "सांग त्यांना."

जानेवारीत तळ्याकाठच्या खेळाच्या आदल्या दिवशी मी घरी, मांडणाऱ्या जोडीला द्यायचे सहा डबे पुसत बसले होते. आई चिवड्याची पिशवी घेऊन आली. मी नियम सांगितला. तिला पटलं, पण डबे तसे रिकामे जाणं काही पटलं नाही.

"असंच कसं देतीस गं? काय तरी घाल त्यात."

मग तिने ट्रंक उघडली. आजोबांनी ठसा वाकडा पडला म्हणून बाजूला टाकलेल्या कापडाचे तुकडे त्यात अजून होते. आम्ही दोघींनी कात्रीने सहा चौकोन कापले, प्रत्येकावर एक पूर्ण कोयरी येईल असे, आणि घडी घालून एकेका डब्यात ठेवले.

सकाळी तळ्याकाठी चाळीस मुलं माझ्यासमोर गवतात बसली होती. मी एक डबा हातात धरला, झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला: "तुमच्या घरी शेजारच्यांचा डबा रिकामा परत देतात का?"

"नाही," सगळी एकदम म्हणाली.

"आमच्याही नाही," मी म्हणाले, आणि लाडवाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.