डावा दंड

डावऱ्याचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. सलूनमध्ये डाव्या हातानं कात्री चालवतो म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला हे नाव चिकटवलेलं. आणि हीच गिऱ्हाइकं खुर्चीत बसून थेट त्याच्या तोंडावर खोकत. तोंडावर धरायला हात मोकळे नकोत? पण हात अंगावर टाकलेल्या कापडाखाली!

मागच्या हिवाळ्यात असाच कुणाचा तरी फ्लू तो घरी घेऊन गेला. त्याचा ताप आला तसा गेला. दम्यानं आधीच पोखरलेले वडील मात्र हॉस्पिटलातून परतले ते निम्मे होऊन. आता संडासापर्यंत जायलाही भिंत धरत. तरी लस नको हा म्हाताऱ्याचा हेका कायम होता.

"लस घेऊन तू काय दिवे लावलेस रे? गेल्याच्या आदल्या वर्षी घेतलीस, तरी शिंकतच होतास. वर दंड दुखून डावा हात उचलवेना म्हणून दुकान बंद!"

"म्हणूनच गेल्या वर्षी टाळली ना! काय झालं बघितलंत ना?" डावऱ्या कडाडला. "डॉक्टर म्हणाले, हा रोग दरवर्षी कपडे बदलून येतो. लस घेऊनही सर्दी होईल, पण हॉस्पिटलची वारी टळायची शक्यता जास्त. अजून काय सांगू?"

"मला नको. तुझ्यासोबत येतो हवं तर, रिक्षा कर," वडील म्हणाले.

दवाखान्यात नर्सबाईंनी सवयीनं त्याची डावी बाही वर सारली. डावऱ्या खेकसणार, इतक्यात शेजारून दम लागलेला आवाज आला.

"बाई, उजव्या दंडावर द्या. डावरा आहे तो. लहानपणी पट्टीनं झोडपून काढला मी त्याला, तरी हात बदलला नाही. आज त्याच हातावर घर चालतंय."

डावऱ्याला गहिवरून वगैरे आलं नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं कळत होतं, तर इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी कशाला धरली होती या माणसानं? उजव्या दंडात सुई गेली तीही त्याला कळली नाही.

तो उठला आणि त्यानं वडिलांना हाताला धरून त्याच स्टुलावर बसवलं.

"आता तुमची पाळी."

"सांगितलं ना, मला नको."

"नको म्हणालात तर पट्टी आणीन, बाबा!"

नर्सबाई चपापल्या. वडिलांनी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग मान खाली घालून बाहीचं बटण काढू लागले. बटण काही निघेना. डावऱ्या धुसफुसतच वाकला आणि त्यानं ते डाव्या हातानं काढलं.