हलक्या फ्लायसाठी मूठभर मीठ

मंडळी, आज पार दमलोय.

गळाला केस-पिसं बांधून खोटा मासा करतात, त्याला फ्लाय म्हणतात. अशा फ्लाय मी इथं मुरुम गावात बसून बांधतो. सकाळीच कोकणातल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "अहो, तुमच्या फ्लाय फारच जड आहेत. मासा येतो गुडघाभर पाण्यात. फ्लाय डुबुक्कन पडते, मासा पळतो आणि गळ खालच्या दगडात अडकतो."

समुद्र म्हटल्यावर खोलच असणार, असं धरून मी प्रत्येक फ्लायला जाड पितळी मणी लावला होता. दिवसभर ते कापून काढले आणि बारीक मणी बांधले. गळ टोचून बोटांची चाळण झाली.

आत्ता बादलीत एक सोडून बघितली. सावकाश बुडाली. पण खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते, म्हणून आईला मीठ मागितलं.

आमच्या घरात मासा सोडा, अंडंसुद्धा येत नाही. माझी गिऱ्हाइकं मासा पकडून परत सोडतात, हे तिला कितीदा सांगितलं, तरी ती गळाकडं बघत नाही. आज माझी बोटं बघितली आणि मिठाचा डबा घेऊन आली.

"किती टाकू?"

"समुद्राच्या पाण्याइतकं."

"म्हंजे किती रं?"

समुद्र आम्ही दोघांनीही बघितलेला नाही.

किनाऱ्यावरच्यांनो, एका बादलीला किती मुठी? लवकर सांगा, आई मूठ भरून उभी आहे.