चटणीवाल्या आजींचं मत

लग्न होऊन साताऱ्याकडून दिघ्याला आले, तेव्हापासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही. आमचे हे रबाळ्याला कारखान्यात होते. रात्रपाळी करून आले तरी आंघोळ, मग मतदान आणि मगच झोप. ते गेल्यावरही मी तो नेम मोडला नाही. आता बघा, वीजबिल अजून ह्यांच्या नावावर, खोली मुलाच्या, गॅस सुनेच्या. मत तेवढं माझ्या एकटीच्या नावावर.

तर मागच्या विधानसभेला चांगली इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेले, रांगेत उभी राहिले, आणि टेबलामागची बाई म्हणते, "आजी, तुमचं नाव कमी झालंय. स्थलांतरित."

म्हटलं, "अगं बाई, आत्ता घरी भाकरी थापून आले. कुठं गेले मी?"

ती बिचारी काय करणार? शाई न लावताच परत आले. गल्लीत शिरताना बोट पदराखाली धरलं होतं, खरं सांगते.

शेजारीण दारातच सुकट निवडत होती. ती इथल्या जुन्या गावातली, आगऱ्यांची. तिला सांगितलं तर तिच्या हातातलं सूप खाली आलं. "आगो बाय! तो मतदार यादीवाला मानूस आलेला ना! कागदावरचा नाव वाचून म्हनाला, ही बाई इथं ऱ्हाते का? मी म्हटला, आशी कोन बाय आमचे गल्लीन नाय!"

तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बाईला नावानं हाक मारायची रीतच नाही. कुणी थोरल्याची आई, कुणी पाण्याच्या टाकीजवळची काकू. शेजारीण सुकटवाली मावशी आणि मी शेंगदाण्याची चटणी कुटून विकते म्हणून चटणीवाल्या आजी. भिंतीला भिंत लावून म्हाताऱ्या झालो, पण एकमेकींचं कागदावरचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या माणसाला पुढच्या दारांतही हेच उत्तर मिळालं असणार. मी नेमकी नातीला आणायला शाळेत गेलेली.

ऐरोलीच्या एका सोसायटीत वकीलबाई राहतात, माझ्याकडून चटणी नेतात. त्यांच्या कानावर घातलं. म्हणाल्या, "आजी, पुन्हा अर्ज भरला की तुमचं नाव येईल. पण तुमच्यासारख्या आणखी किती असतील?"

मग संध्याकाळी कोर्टातून आल्या की त्या आमच्या गल्ल्या पालथ्या घालायला लागल्या. मी पुढं, त्या मागं. आणि निघाल्या की हो बायका! कुणी भाड्यानं राहणारी, कुणी धुणीभांड्याला बाहेर असणारी, कुणी माझ्यासारखी विधवा. बाई म्हणाल्या, "हे इथल्या टेबलावर सुटणारं नाही. राज्याच्या निवडणूक कार्यालयात जाऊ." आम्हा सगळ्यांना, आणि साक्षीला शेजारणीलाही, बसमध्ये घालून घेऊन गेल्या.

मोठे साहेब शांत होते. आमचे कागद बघून त्यांनी शेजारणीला विचारलं, "मावशी, ह्या इथे राहत नाहीत असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

हिची जीभ अडखळली की माझं मत गेलंच म्हणायचं.

पण ती कुठली अडखळते! "सायेब, तुमच्या मानसान नाव घेतला. चटनीवाली आजी कुठं म्हनून इचारला असता, तर हाताला धरून दारान नेऊन उभा केला असता, वर चहा पाजला असता!"

साहेबांना हसू आवरेना. "मग आता नाव पाठ झालं का?"

"झाला तर! देवाचे नावानंतर हिचाच घेते."

वकीलबाईंनी लगेच मुद्दा धरला. नुसत्या शेजारपाजारच्या सांगण्यावरून कुणाचं नाव काढू नका, आधी तिच्या दारात नोटीस द्या, तिचं म्हणणं ऐका. साहेब म्हणाले, माणसं अपुरी पडतात. बाई म्हणाल्या, "साहेब, ह्या कामधंदा बुडवून इथवर आल्या. तुमचा माणूस दुसऱ्यांदा त्यांच्या दारात जाईल की!" साहेबांनी ते मान्य केलं आणि तसं लेखी दिलं.

महापालिकेच्या निवडणुकीआधी आमची नावं परत आली. टाकीजवळच्या काकूंचं तेवढं राहिलं, त्यांचे कागद गावाकडून यायचेत. बाई अजून त्यांच्यासाठी खेटे घालतात.

त्या दिवशी शेजारणीनंच मला हाताला धरून शाळेत नेलं. शाई लागली. बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना फोन लावला आणि नुसतं "झालं हो बाई" एवढंच म्हटलं. त्यांच्यासारखी शिकलेली बाई आमच्या गटारावरच्या फळ्या तुडवत दारोदार फिरली, ते उपकार मी कोणत्या शब्दांत सांगू?

हल्ली गल्लीत कुणी कागद घेऊन आलं की शेजारीण त्याला आधी पाण्याचा तांब्या देऊन ओट्यावर बसवते, आणि मग दारादारावर थापा मारत फिरते, "चला गो, बाहेर या, आपापला नाव सांगा!"