एकटीच्या मापाचा तंबू

वहिनी गेल्या तेव्हा इमारतीच्या दाराशी कुणीतरी निधनाची सूचना चिकटवली होती. त्यावरचं नाव वाचून मी खालच्या दुकानदाराला विचारलं, या कोण बाई? तो माझ्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं आमची दारं समोरासमोर, पण मी त्यांना वहिनी म्हणत आलो आणि त्या मला भाऊजी. दारावरच्या पाटीवर त्यांच्या यजमानांचं नाव होतं, ते वारल्यावरही कुणी काढलं नाही. तेव्हा ज्या माणसाचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, त्याच्याबद्दल मी लिहावं हे काही खरं नाही. पण वन्संनी सांगितलं, तुम्हीच लिहा, आणि वन्संना नाही म्हणायची आमच्या जिन्यावर पद्धत नाही.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद, यजमानांची थोरली बहीण. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून आम्हीही सगळे तेच म्हणायला लागलो. यजमान गेल्यावर या दोघीच राहिल्या. वन्संचं कमरेचं हाड अधू, त्यामुळे जिना उतरणं त्यांनी सोडलं होतं. खालच्या मजल्यावर एका खिडकीच्या खोलीत वहिनींचं शिवणाचं दुकान होतं. नवीन कपडे शिवायला हल्ली कोण येतं? पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, जॅकेटची चेन बसवणं, असली कामं. वन्सं वरच्या खिडकीत बसून येणारंजाणारं गिऱ्हाईक बघायच्या आणि संध्याकाळी वहिनींना सांगायच्या की आज कुणाचं पोट सुटलंय.

एकदा एका परदेशी पाहुण्याने पाठीवरची मोठी पिशवी दुरुस्तीला टाकली. तिचा पट्टा तुटला होता. वहिनी ती उसवायला बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. त्या पट्ट्यावर आधीच कितीतरी जणांनी टाके घातले होते. एका जागी मासे धरायच्या दोऱ्याचे, एका जागी दात साफ करायच्या दोऱ्याचे, एका जागी चामडं शिवणाऱ्याचे दुहेरी. एक शिवण उलट्या बाजूने चढत गेली होती. ती घालणारा डावखुरा असणार, असं त्या म्हणाल्या. पाहुणा पिशवी न्यायला आला तेव्हा त्यांनी हातवारे करून विचारलं, हे सगळं कुठे शिवलं? त्याने सांगितलं की त्याच्या देशात डोंगराडोंगरातून समुद्रापर्यंत जाणारी एक लांबलचक पायवाट आहे. लोक महिना महिना तीवरून चालतात आणि पिशवी जिथे फाटते तिथल्या माणसाकडून शिवून घेतात. जाताना तो त्या वाटेची एक पुस्तिका ठेवून गेला.

ती पुस्तिका घेऊन वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी औषधांच्या कारखान्यात होतो. डब्यातून जे घडी घातलेले कागद निघतात, त्यांचं भाषांतर करणं हे माझं काम. त्यामुळे ती परदेशी भाषा मला येते असा इमारतीत समज होता. खरं म्हणजे मला त्या भाषेत फक्त आजारी पडता येतं. जेवणाआधी, जेवणानंतर, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, सूज आल्यास डॉक्टरांना भेटा, एवढीच माझी मजल. पण ते कबूल करायची मला लाज वाटली आणि मी पुस्तिका ठेवून घेतली.

मग दर रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून थोडं थोडं वाचून दाखवायचो. वहिनी प्रश्न विचारायच्या आणि ते कधी माझ्या मनातही आलेले नसत. पाऊस आला तर बूट रात्री कुठे वाळवतात? एकटी बाई दिसली तर लोक काय विचारतात? समुद्र आला हे आधी नाकाला कळतं की डोळ्यांना? मी म्हणायचो, ते लिहिलेलं नाही. त्या म्हणायच्या, "बघा, म्हणजे कामाचं काहीच लिहिलं नाही." जाण्याचं कुणी बोललं नव्हतं. पण एका रविवारी त्यांनी विचारलं की पाठीवर किती ओझं घेऊन माणूस चालू शकतो, आणि वन्संनी हातातला कप खाली ठेवला.

"या वयात पायाला भिंगरी लावून घेतेस की काय?"

"बघते आहे फक्त, वन्सं."

"बघायचं असेल तर खिडकी आहे की. मी काय करते दिवसभर?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हे उंटावरून शेळ्या हाकणार. शेळी कोण होणार ते कळलंच."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पाठीवर पिशवी घेऊन जिना चढू-उतरू लागल्या. पिशवीत दुकानातल्या जुन्या लोखंडी इस्त्र्या. टपालवाला म्हणाला, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन इस्त्री करता का आता? त्या म्हणाल्या, हो, फार लांबच्या गिऱ्हाइकाकडे जायचंय. दुकान बंद झालं की शहराच्या कडेच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायच्या, आणि आल्यावर कुठला रस्ता कुठे चढतो ते वन्संना सांगायच्या. वन्सं ऐकत नसल्यासारखं करत, पण एखाद्या दिवशी वहिनी सांगायला विसरल्या तर विचारत, आज टाकी जागेवर होती ना?

माझ्या भाषांतराने एक घोळ घातला, तोही इथे सांगायला हवा. पुस्तिकेत एक शब्द सारखा येत होता आणि तो मला नीट माहीत होता, कारण तो औषधांच्या कागदावर पावलोपावली असतो. गळा. गळा सुजल्यास, गळ्यात जळजळ झाल्यास. तेव्हा मी बेधडक वाचलं, "गळा अरुंद आहे. जोराचा वारा असल्यास गळ्यातून जाऊ नये."

वहिनी विचारात पडल्या. "गळ्यातून काय जाऊ नये? वारा?"

"बहुधा वाराच," मी म्हणालो.

शिंप्याला गळा म्हणजे कपड्याचा गळा. त्यांनी जॅकेटचा गळा उसवून त्याला हनुवटीपर्यंत येणारी, आतून लोकरीचं अस्तर लावलेली कॉलर बसवली. मला घालून दाखवली. म्हणाल्या, "आता वारा जातोय कुठून!" मीही मान डोलावली.

मग त्यांनी तंबू शिवायला घेतला. छत्र्यांचं कापड आणि जुन्या पावसाळी कोटांचं अस्तर बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरलं, सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि खडूने रेघा ओढल्या. तंबू उभा राहिला तेव्हा त्याच्या दोऱ्या कपाटाच्या कडीला, मशीनच्या पायाला आणि पाण्याच्या बादलीला बांधलेल्या होत्या. मी बघायला गेलो तर आतून वन्संचे पाय बाहेर आलेले. त्या आत जाऊन आडव्या झाल्या होत्या. मग आतून त्या म्हणाल्या, "वहिनी, यात कूस बदलायलाही जागा नाही. हा तू एकटीचाच बेतलास."

वहिनी हातात सुई घेऊन उभ्या. "तुम्हाला चालवत नाही, वन्सं."

"ते मला ठाऊक आहे. मी मापाबद्दल बोलतेय." त्या बाहेर आल्या, कमरेला हात लावून उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जाताना एवढं बोलल्या, "तू जा. मी पुतण्याकडे राहायला जाते. परत येशील तेव्हा या घरात कुणी नसेल."

हा सासरचा पुतण्या लांबच्या शहरात होता आणि वन्संचं त्याच्याशी कधीच पटलं नव्हतं. तरी त्या बोलतात तसं करतात हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनी दुसऱ्या दिवशी दुकानात मला म्हणाल्या की बेत रद्द. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा पहिला रागाचा शब्द वन्संचा आणि पहिली ऊबही वन्संचीच. त्यांना त्या पुतण्याच्या दारात पाठवून आपण डोंगर बघत हिंडायचं, हे काही पायांना पटणार नाही. मी म्हटलं, त्यांना समजवा. त्या म्हणाल्या, शब्दांनी समजवायला गेलं की त्या जिंकतात.

पण तंबू त्यांनी गुंडाळला नाही. उलट त्याची एक बाजू उसवली आणि कापडाची एक लांब कळी घालून तो रुंद केला. तंग झगा मोकळा करायला जोड घालतात ना, तशीच. वन्संना काही सांगितलं नाही. तंबू नुसता खोलीत उभा राहिला, दोघींच्या मापाचा. त्यावरून घरात एक अक्षर निघालं नाही. दोघी त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायच्या.

हा अबोला चालू असताना एका सकाळी माझं दार वाजलं. वन्सं. माझ्या दारापर्यंत त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. काखेत पुस्तिका. आत येऊन बसल्या आणि मागचा नकाशा उलगडला. दिवसभर खिडकीत बसून त्यांनी तो वाचला होता. अक्षरं कळत नव्हती, पण मी वाचताना बोट ठेवायचो त्या शब्दांचे आकार ओळखू येत होते.

"भाऊजी, हा तुमचा गळा डोंगरावर काय करतोय?"

मी चष्मा लावला. शब्द तोच होता, आणि नकाशाभर पसरलेला. प्रत्येक वेळी दोन शिखरांच्या मध्ये.

"इथे डोकं, इथे डोकं, आणि मध्ये हा गळा," त्या बोट ठेवत म्हणाल्या. "खिंड आहे ही. वारा असला तर खिंडीतून जाऊ नये असं लिहिलंय. आणि तुम्ही तिला कॉलर शिवायला लावलीत."

मी चष्मा काढून पुसत बसलो. त्या मात्र रागावल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता. विचारू लागल्या, खिंडीच्या पलीकडे ही निळी रेघ ओढा असेल की कालवा? इथे चालणारे झोपत कुठे असतील? मी सवयीने म्हणालो, ते लिहिलेलं नाही. वन्सं नकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे कुणीतरी जाऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मी त्यांना हात धरून समोरच्या दारापर्यंत सोडलं. वहिनी मशीनवर होत्या. वन्सं तंबूपाशी थांबल्या, कळीवरून हात फिरवला, टाके बोटांनी चाचपले. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलणार.

"ही कळी उसव," त्या म्हणाल्या.

वहिनींचे पाय मशीनवर थांबले.

"गळा म्हणजे खिंड आहे, कॉलर नाही. तिथे सोसाट्याचा वारा असतो. एवढं मोठं धूड तिथे उभं केलंस तर तुझ्यासकट उडून जाईल आणि जिवावर बेतेल. एकटीच्या मापाचंच हवं. उसव म्हणते ना."

"आणि पुतण्या?"

"त्याच्याकडे खिडकीतून भिंत दिसते," वन्सं म्हणाल्या. "मी इथेच बसते. हे भाऊजी संध्याकाळी पत्ते खेळायला येतील. तसेही त्यांना दुसरं काही येत नाही."

कळी उसवली. वहिनी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. मी रोज संध्याकाळी पत्ते खेळलो आणि रोज हरलो, कारण वन्सं पानं लपवतात. नकाशा भिंतीवर लावला होता. वहिनींचा फोन आला की वन्सं त्यांना बघितलेलं विचारायच्या नाहीत, नकाशात न लिहिलेलं विचारायच्या. निळी रेघ ओढा निघाली. बूट चुलीच्या वर टांगून वाळवतात. खिंडीपाशी वारा होता म्हणून वहिनी दोन दिवस खाली थांबल्या, आणि ती कॉलर शेवटी उपयोगी पडलीच.

परत आल्या तेव्हा नाक सोललेलं होतं आणि चाल बदललेली. मला वाटलं होतं, खूप काही सांगतील. पण तेवढं बोलणं आमच्यात कधी नव्हतं. मी धीर करून एवढंच विचारलं, पट्टा शिवणारा तो डावखुरा भेटला का? म्हणाल्या, "भेटली. बाई निघाली." बाकीचं वन्संना माहीत असेल. दोघी रात्री किती वेळ बोलत बसायच्या, ते मला समोरच्या दारातून कुजबुजीसारखं ऐकू यायचं.

त्यानंतर त्या काही वर्षं इस्त्र्या पाठीवर घेऊन जिना चढत राहिल्या, का ते मी विचारलं नाही. शेवटचं बोलणं झालं तेही जिन्यातच. मी दूध घेऊन वर येत होतो, त्या दुकान उघडायला खाली चालल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक नवी पुस्तिका काढून माझ्या हातात दिली, दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेची.

"भाऊजी, यात गळा आहे का बघून ठेवा. घाई नाही."

"बघतो."

"आणि शर्टाचं बटण लोंबतंय तुमच्या. खाली पाठवून द्या."

"बरं," मी म्हणालो.